गरम झाली की अडते, थंड झाली की चालू : गाडीचा सेन्सर घरी बदलण्याआधी हे तपासा

सीताबर्डी (नागपूर) : काटोल, सावनेर, कळमेश्वर, उमरेड भागातून रोज कितीतरी गाड्या बर्डीवर येतात. कोणी खरेदीला येतं, तर कोणी मेडिकलमध्ये भरती असलेल्या माणसाचा डबा घेऊन. गाडी उन्हात उभी केली, वीस-पंचवीस मिनिटांत काम आटोपलं आणि येऊन चावी फिरवली, तर स्टार्टर नुसता फिरतो. गाडी काही चालू होत नाही. धक्का मारूनही उपयोग नाही. कंटाळून चहा पिऊन यावं, तर तीच गाडी एका चावीत चालू! दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे नेली तर तिथेही चालू. मग "काही बिघाड दिसत नाही" म्हणून गाडी घरी परत येते.

हे लक्षण बऱ्याचदा क्रँक सेन्सरचं असतं. हा सेन्सर अनेक गाड्यांत घरीही बदलता येतो. पण अंदाजाने पार्ट आणला आणि बिघाड दुसराच निघाला, तर पैसे गेलेच समजा. वायरिंगचा पार्ट एकदा लावला की बहुतेक दुकानदार तो परत घेत नाहीत.

सेन्सरचं काम काय?

इंजिनमध्ये क्रँकसोबत एक दातेरी चाक फिरतं. त्याच्याजवळ बसवलेला क्रँक सेन्सर हे दात मोजतो आणि इंजिन कुठे आहे, किती वेगाने फिरतंय, ते गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीएमला कळवतो. हा निरोप आला नाही तर बहुतेक गाड्यांत ईसीएम ठिणगीही देत नाही आणि इंधनही सोडत नाही. म्हणून धक्का मारला तरी गाडी उठत नाही.

मग गरम असतानाच का? गाडी धावताना हवा लागते, कूलंट फिरत असतं. गाडी बंद केली की दोन्ही थांबतात आणि इंजिनची उष्णता आजूबाजूच्या पार्टमध्ये शिरते. त्यात नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या आसपास. सेन्सरच्या आतली बारीक तार कमजोर झाली असेल तर तापल्यावर तिचा संपर्क तुटतो आणि थंड झाल्यावर परत जुळतो.

याच्या उलट, सकाळी थंड गाडीच त्रास देत असेल तर कूलंट टेम्परेचर सेन्सरवर संशय घ्या. कॅम सेन्सर बिघडला तर बऱ्याच गाड्या चालू होतात, पण स्टार्टर जास्त वेळ फिरवावा लागतो.

आधी बिनखर्चाची तपासणी

१. स्टार्टरच मंद फिरत असेल किंवा नुसता 'टक-टक' आवाज येत असेल, तर आधी बॅटरी पाहा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या जवळपास दाखवते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर साफ करा.

२. चावी ऑन केल्यावर चावीचा दिवा लुकलुकत राहिला तर अडचण इमोबिलायझरची असू शकते. सेन्सर बदलून फायदा नाही.

३. पेट्रोल गाडीत चावी ऑन केली की मागच्या सीटखालून फ्युएल पंपाचा दोन-तीन सेकंद 'घुंऽऽ' आवाज येतो. गाडी अडलेली असताना तो आला नाही, तर पंप, रिले आणि फ्यूज पाहा. गरम झाल्यावर पंपही असाच दगा देतो.

४. स्टार्टर फिरताना आरपीएमचा काटा थोडा हलला पाहिजे. अजिबात हलत नसेल तर क्रँक सेन्सरवरचा संशय वाढतो.

५. वायर पाहा. गोठ्याजवळ, कोठीजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात. सॉकेटमध्ये तेल, माती किंवा गंज असेल तर साफ करून एकदा गाडी चालवून बघा.

कोड काय सांगतो?

२०१३ नंतरच्या बहुतेक कारमध्ये स्टीयरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावला की मोबाईलवर बिघाडाचा कोड दिसतो. गावात दोघा-चौघांनी मिळून एक घेतला तरी भागतं. पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा कोड, तर पी०३४० कॅम सेन्सरचा. पण कोड सेन्सर खराब आहे असं म्हणत नाही, तो त्या सर्किटमध्ये बिघाड आहे असं म्हणतो. बिघाड वायरमध्ये किंवा सॉकेटमध्येही असू शकतो.

कूलंट सेन्सरची परीक्षा सोपी आहे. सकाळी गाडी चालू करण्याआधी स्कॅनरवर तापमान पाहा. ते बाहेरच्या हवेइतकंच असायला हवं. उणे ४० दाखवत असेल तर सेन्सर किंवा वायर तुटली आहे.

घरी बदलताना

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. चावी काढा, हँडब्रेक ओढा, बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडा. गाडीखाली जायची गरज असेल तर नुसत्या जॅकवर किंवा विटांवर भरवसा ठेवू नका, जॅकखेरीज मजबूत स्टँड पाहिजेच. स्टँड नसेल तर हे काम मेकॅनिकलाच द्या.

सॉकेटची क्लिप दाबून ते काढा, वायर ओढू नका. बहुधा एकाच छोट्या बोल्टवर सेन्सर असतो. जाम झाला असेल तर हातोडी न मारता हळूहळू डावी-उजवीकडे फिरवा. जुन्या सेन्सरवरचा नंबर नव्याशी जुळवून घ्या आणि पक्कं बिल मागा. नव्याच्या रबरी रिंगला थोडं इंजिन ऑइल लावा, हाताने सरळ बसवा. बोल्ट बेताने आवळा, अॅल्युमिनियमचे आटे लगेच जातात. कूलंट सेन्सर काढताना पाणी गळतं, ते नंतर तेवढं भरा.

मग कोड पुसा, गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवा, बंद करा आणि वीस मिनिटांनी पुन्हा चालू करा. हीच खरी परीक्षा. काही गाड्यांत नवा सेन्सर स्कॅनरने ओळख करून द्यावा लागतो.

याला हात लावू नका

डिझेल गाडीच्या इंधनाच्या पाइपचे नट सैल करू नका. कॉमन रेल इंजिनमध्ये दाब १,६०० बारपर्यंत आणि त्याहून जास्तही असतो, बारीक धार चामडी भेदून आत जाते. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. एअरबॅगच्या पिवळ्या वायरला हात नको. गाडी वॉरंटीत असेल तर काहीच उघडू नका, सर्व्हिस सेंटरलाच न्या.

आणि मेकॅनिककडे न्यायचीच ठरली तर सकाळी थंड गाडी नेऊ नका. दुपारी गरम असतानाच न्या, तिथेच बंद करा आणि वीस मिनिटांनी त्याच्यासमोर चावी फिरवा. डोळ्यांसमोर अडलेल्या गाडीचा बिघाड लवकर सापडतो. गावात रात्री-बेरात्री पेशंट न्यायला हीच गाडी लागते, तेव्हा पहिल्यांदा अडली तेव्हाच तिचा निकाल लावलेला बरा.