बुरशी विरुद्ध बुरशी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हरभरा पेरण्याआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळण्याची बीजप्रक्रिया महाराष्ट्रात आता गावोगावी माहीत आहे. मर रोगाच्या बुरशीला आवरणारी ही मित्रबुरशी जमिनीत नेमके काय करते, याबद्दल मात्र चुकीच्या समजुती आहेत. त्यापायी तिचा उपयोग वाया जातो.

गैरसमज 1: दोन बुरश्या योगायोगाने एकमेकींना भिडतात.
वस्तुस्थिती: ट्रायकोडर्मा बुरशीच्या पेशीभित्तिकेतले कायटिन तोडणारी विकरे थोड्या प्रमाणात सतत सोडत असते. ती ओलाव्यातून पसरतात आणि शेजारच्या बुरशीच्या पेशीभित्तिकेचे बारीक तुकडे पाडतात. हे तुकडे ट्रायकोडर्मापर्यंत पोहोचले की प्रत्यक्ष स्पर्शाआधीच तिची हल्ल्याची जनुके कामाला लागतात. पुढची ओळख पटते ती समोरच्या बुरशीच्या पृष्ठभागावरील लेक्टिन या प्रथिनांवरून. इस्रायलमधील इनबार आणि चेट यांनी 1992 मध्ये रोगकारक बुरशीचे लेक्टिन नायलॉनच्या धाग्यांवर चढवून पाहिले. ट्रायकोडर्माच्या तंतूंनी त्या निर्जीव धाग्यांनाही विळखे घातले!

गैरसमज 2: एकच विष सोडले की काम फत्ते.
वस्तुस्थिती: इथे जोडीने काम चालते. विकरे भित्तिका पोखरतात, तर पेप्टायबॉल नावाचे छोटे रेणू आतल्या पेशीपटलाला भोके पाडतात. भित्तिकेची डागडुजी करणारी यंत्रणाही तेच अडवतात. त्यामुळे दोन्ही मिळून होणारा परिणाम एकेकट्याच्या बेरजेपेक्षा मोठा असतो.

गैरसमज 3: समोरची बुरशी मुकाट्याने मार खाते.
वस्तुस्थिती: गव्हावरच्या काही फ्युजेरियम बुरश्या डीऑक्सिनिव्हॅलेनॉल हे विष तयार करतात. या विषामुळे ट्रायकोडर्माचे कायटिन तोडणारे एक जनुक दबते. म्हणजे शत्रूचे हत्यार तयार होण्याआधीच त्याला आळा बसतो. कोण जिंकेल, हे दोघींच्या जाती, ओलावा आणि तापमान यांवर ठरते.

गैरसमज 4: ट्रायकोडर्मा सगळ्यांचीच मित्र.
वस्तुस्थिती: धिंगरी आळिंबी पिकवणाऱ्यांना विचारा. बेडवर हिरवी बुरशी दिसली की त्यांच्या पोटात गोळा येतो, आणि ती बहुधा ट्रायकोडर्माचीच एखादी जात असते. आळिंबीही बुरशीच असल्याने तिच्या भित्तिकेतही कायटिन असते. पिकाला तारणारी हत्यारे इथे पीक बुडवतात.

थोडक्यात, ट्रायकोडर्माच्या पाकिटातली पूड ही औषधाची भुकटी नसून परिस्थितीनुसार प्रतिसाद देणारा सजीव आहे. म्हणून मुदत संपलेले पाकीट घेऊ नका आणि ते उन्हात ठेवू नका. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक त्यात मिसळू नका, कारण ते ट्रायकोडर्मालाही मारते. बीजप्रक्रिया केलेले बियाणे सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. ट्रायकोडर्मा थेट जमिनीत द्यायची असेल, तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पुरेशी ओल असतानाच द्या.