अपडेट अडकलं तर

विंडोजचं अपडेट एखाद्या टक्क्यावर थांबलं, की घाईनं बटण दाबून संगणक बंद करू नका. फाइली बदलत असताना वीज तुटली, तर विंडोज सुरूच न होण्याचा धोका असतो. जुन्या हार्ड डिस्कवर हे काम तासाहून जास्त चालू शकतं. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर धीर धरा, खरंच.

अपडेट वारंवार फसत असेल, तर पहिला संशय सी ड्राइव्हवरच्या मोकळ्या जागेवर घ्यावा. रिसायकल बिन आणि डाउनलोड्स आधी तपासा. जागा असूनही अडलं, तर सेटिंग्जमधला विंडोज अपडेटचा ट्रबलशूटर चालवा. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; त्यानंतर तिथं अपडेट येत नसेल, तर तो बिघाड नाही.