हिमग्रहावरील महावृक

गेल्या दिवाळींत आमच्या घरांत एका लांडग्यावरून चांगलेंच रण माजलें. लांडगा तळहाताएवढा, करड्या प्लॅस्टिकचा. आमचे नातू चि. बंडू यांनीं आजोळीं मिळालेले खाऊचे सर्व पैसे खर्चून तो विलायतेहून मागविला होता. तो आला तुकड्या-तुकड्यांनीं. ते तुकडे डिंकानें जोडावयाचे आणि मग बारीक कुंचल्यानें रंगवावयाचे, असा हा खेळ. किंमत कानीं पडतांच चिरंजीवांनीं लांडगा, कुंचले व रंगाच्या बाटल्या एका खोक्यांत भरून तें खोकें कपाटावर ठेवून दिलें. "नाना, जगांत नसलेल्या जनावरावर एवढे पैसे! आतां तुम्हीच त्याला समजावून सांगा," असें म्हणून त्यांनीं न्यायदानाचें काम आम्हांकडे सोंपविलें. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत, पण त्यांचा कौल कोणीकडे होता हें आम्हांस दिसत होतें.

छत्तीस वर्षें आम्हीं मास्तरकी केली. प्रतिवादीची बाजू ऐकल्यावांचून निकाल देण्याची आम्हांस संवय नाहीं. बंडूस जवळ बसवून घेतलें आणि त्या लांडग्याचें कुळशील विचारलें. त्यानें तें अशा अस्खलितपणें सांगितलें कीं, एवढ्या आवडीनें ‘रामो राजमणिः’ पाठ करणारा विद्यार्थी आम्हांस क्वचितच भेटला.

इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथील ‘गेम्स वर्कशॉप’ या मंडळीनें १९८७ सालीं ‘वॉरहॅमर ४०,०००’ नांवाचा खेळ काढला. आजपासून हजारों वर्षें पुढच्या काळांत मनुष्यजात ताऱ्या-ताऱ्यांवर पसरली आहे व सर्वत्र युद्ध चालू आहे, अशी त्यांतील कल्पना. त्या विश्वांत ‘फेनरिस’ नांवाचा एक हिमग्रह आहे. त्याची कक्षा फार लांबट असल्यामुळें वर्षाचा बहुतेक भाग तेथें कडक हिंवाळा असतो. मग ग्रह आपल्या सूर्याजवळ आला म्हणजे बर्फ फुटतें, बेटें समुद्रांत बुडतात, नवीं वर येतात, आणि राहावयास जागा मिळावी म्हणून तेथील टोळ्या एकमेकांचे गळे कापतात. उत्तरेकडील ‘असाहाइम’ नांवाचा भूभाग तेवढा स्थिर. या ग्रहावर महाकाय लांडग्यांच्या जाती आहेत. त्यांतली सर्वांत मोठी ‘थंडरवुल्फ’, जिच्या पाठीवर चिलखत घातलेले वीर स्वार होतात.

हिंवाळा लांब आणि उन्हाळा आंखूड, ही गोष्ट ऐकून आम्ही अंमळ सरसावून बसलों. कारण ती थाप नव्हे. ग्रह सूर्यापासून दूर असतां मंद चालतो व जवळ आला म्हणजे वेगानें पळतो, हा नियम केप्लरनें १६०९ सालीं प्रसिद्ध केला. कक्षा जितकी लांबट तितका थंडीचा मुक्काम जास्त. ज्यानें हा ग्रह रचिला त्यानें एवढा हिशेब तरी बरोबर केला होता.

त्याहून अधिक मौज आम्हांस नांवांत वाटली. ‘फेनरिस’ हें नांव नवें नव्हे. उत्तर युरोपांतील प्राचीन लोकांच्या पुराणांत ‘फेनरिर’ नांवाचा प्रचंड वृक आहे. त्याची कथा आइसलंडांतील स्नोरी स्तुर्लुसन या पंडितानें तेराव्या शतकांत लिहून ठेविली. लोकी नांवाच्या कपटी देवाचें हें अपत्य. देवांनीं त्यास लहानपणीं आपल्याच घरीं वाढविलें. पण तो दिवसेंदिवस असा वाढूं लागला कीं, त्यूर या एकट्या देवावांचून त्यास खाऊं घालण्याची कोणाची छाती होईना. भविष्य असें होतें कीं, हा लांडगा देवांचा काळ होणार. तेव्हां देवांनीं त्यास बांधण्याचें ठरविलें. दोन लोखंडी साखळ्या त्यानें तोडल्या. तिसऱ्या खेपेस खुज्या कारागिरांकडून एक रेशमासारखी मऊ फीत करवून आणली; ती मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, पर्वताचीं मुळें, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी या सहा वस्तूंची केलेली होती. आपल्याकडे शशशृंग आणि वंध्यापुत्र म्हणतात, तशीच ही सामग्री!

लांडगा कांहीं मूर्ख नव्हता. एवढ्या नाजूक फितींत कांहीं तरी कपट आहे हें त्यानें ओळखलें आणि म्हणाला, "तुमच्यांपैकीं एकानें माझ्या तोंडांत हात घालून ठेवावा, मग बांधा." कोणी पुढें येईना. शेवटीं त्यूरनें आपला उजवा हात त्याच्या जबड्यांत दिला. फीत तुटली नाहीं. सर्व देव हंसले. त्यूर मात्र हंसला नाहीं, कारण त्याचा हात गेला होता. जगाच्या अंतीं हाच लांडगा सुटून देवांचा राजा ओदिन यास गिळणार, असें पुढें सांगितलें आहे. या कथेंत प्रथम विश्वासघात कोणी केला, हें वाचकांनींच पाहावें.

संस्कृताचा थोडासा अभ्यास असल्यामुळें येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. संस्कृत ‘वृक’, ग्रीक ‘लुकोस’, रशियन ‘वोल्क’, जर्मन ‘वोल्फ’ आणि त्या कथेच्या भाषेंतील ‘उल्फ’ हे सर्व एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. आणि ‘त्यूर’ हें नांव आपल्या ‘देव’ शब्दाचा भाऊच. मराठींतून मात्र वृक गेला व लांडगा आला. आपल्याजवळ उरला तो वृकोदर भीमसेन, ज्याच्या पोटांतली भूक कधीं शमत नसे.

आणि ही भूकच या महावृकाच्या मार्गांतली खरी अडचण आहे. "हा किती किलोचा?" असें आम्हीं बंडूस विचारलें. त्यास सांगतां येईना. तेव्हां पाटी-पेन्सिल काढली.

थंड प्रदेशांतील प्राणी आपल्या उष्ण प्रदेशांतील भाऊबंदांपेक्षां सामान्यतः मोठे असतात, हें बर्गमान नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें १८४७ सालीं दाखविलें. कारण स्वयंपाकघरांत पाहावें. ऊन दुधाची वाटी लौकर निवते, पातेलें उशिरां निवतें. उत्तरेकडील मोठा लांडगा खांद्यापाशीं ८० सेंटिमीटर उंच व ४५ किलो वजनाचा धरूं. तो सर्व बाजूंनीं दुप्पट केला, तर त्याची कातडी चौपट होईल पण वजन आठपट, म्हणजे ३६० किलो होईल. उष्णता राखण्यास हें उत्तम. परंतु हाडाच्या छेदाचें क्षेत्रफळ चौपटच वाढलें असल्यामुळें पायांवर दुप्पट भार येईल. तिप्पट केला तर वजन सत्तावीसपट, म्हणजे १,२१५ किलो! असा प्राणी लांडग्याच्या चालीनें कोसच्या कोस धांवूं शकणार नाहीं. गेंड्याचे पाय खांबासारखे असतात ते उगीच नव्हेत.

आतां अन्न. आपल्या पृथ्वीवरील मोठ्या लांडग्यास दिवसाकाठीं सरासरीनें तीन-चार किलो मांस लागतें. वजन आठपट झालें म्हणजे भूक आठपट होत नाहीं, सुमारें पावणेपांचपट होते. हें क्लायबर यानें १९३२ सालीं मांडलें. म्हणजे दुप्पट उंचीच्या लांडग्यास रोज सोळा-सतरा किलो मांस हवें, आणि आठ जणांच्या कळपास सव्वाशे किलोंहून अधिक. जेथें सर्व जमीन बर्फाखालीं, गवत नाहीं, तेथें गवत खाणारे नाहींत. मग हें मांस यावयाचें कोठून? नुसत्या थंडीनें लांडगा मोठा होत नाहीं. कानडाच्या उत्तर टोंकास एल्समीअर बेटावर सुमारें चार महिने सूर्य उगवत नाहीं. तेथील पांढरे लांडगे हे दक्षिणेकडील अरण्यांतल्या लांडग्यांहून लहानच असतात. कारण अरण्यांत मूस नांवाचें भलें थोरलें हरिण मिळतें, बेटावर अन्नाचें दुर्भिक्ष.

बंडू जरा हिरमुसला, पण लगेच म्हणाला, "आजोबा, फेनरिसच्या समुद्रांत मोठमोठे प्राणी आहेत ना!" हें उत्तर आम्हांस आवडलें. ध्रुवप्रदेशांतील पांढरें अस्वल चारशे-पांचशे किलोंचें होतें, तें जमिनीवरच्या नव्हे तर समुद्रांतल्या सीलवर. तेव्हां हा महावृक संभवनीय करावयाचा असेल तर तो समुद्रकांठचा कोळी केला पाहिजे, असा निकाल आम्हीं दिला. आमच्या कुटुंबानें माजघरांतून विचारलें, "मग त्याच्या अंगाला वास किती येत असेल!"

प्रत्यक्षांत लांडग्याच्या जवळचा म्हणावा असा सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकीं एक अमेरिकेंत होऊन गेला, ‘डायर वुल्फ’. पण तोही सुमारें साठ-पासष्ट किलोंचाच. लॉस एंजेलिस येथील डांबराच्या डबक्यांत त्याच्या हजारों सांगाड्यांचे अवशेष सांपडले आहेत. २०२५ च्या एप्रिलांत ‘कोलोसल बायोसायन्सेस’ नांवाच्या कंपनीनें तो पुन्हां जिवंत केल्याचें जाहीर केलें. रोम्युलस, रीमस व खलीसी अशीं तीन पिल्लें. वास्तविक तीं साध्या करड्या लांडग्याचींच, बीजांत वीस ठिकाणीं फेरफार केलेलीं. हा डायर वुल्फ नव्हे, असें पुष्कळ शास्त्रज्ञांनीं स्पष्ट सांगितलें. कल्पनेंतला लांडगा अंगणांत आणून बांधण्याची हौस केवळ बंडूलाच आहे असें नाहीं.

फेनरिसच्या कथेंतल्या दोन गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. एक अशी सूचना तिच्यांत आहे कीं, त्या ग्रहावर मूळचे लांडगे नव्हतेच. प्रथम तेथें गेलेल्या माणसांनीं थंडींत निभाव लागावा म्हणून आपल्या बीजांत श्वापदाचा अंश घेतला, आणि आज जीं जनावरें म्हणून हिंडतात ते त्या माणसांचेच वंशज. दुसरी गोष्ट त्या लोकांच्या आदिपुरुषाची. लेमन रस नांवाचें तें मूल बर्फांत एकटें सांपडलें, आणि एका लांडगीनें त्यास आपल्या पिल्लांबरोबर वाढविलें. रोमच्या रोम्युलस-रीमसांची ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु आम्हांस आठवला तो ऋग्वेदांतला ऋज्राश्व. त्यानें एका वृकीस शंभर मेंढे देऊन टाकले, म्हणून बापानें त्यास आंधळें केलें. आणि त्याची दृष्टि त्यास परत मिळावी म्हणून अश्विनीकुमारांस हांक मारली ती त्याच वृकीनें.

हें सांगून आम्ही थांबलों, तों बंडूनें विचारलें, "आजोबा, तुम्हीं खरा लांडगा पाहिलाय?"

पाहिला होता. १९८६ च्या आरंभीं आम्ही सोलापूर जिल्ह्यांतील एका खेड्यांत शिक्षक होतों. एका सकाळीं गांवचा एक धनगर खांद्यावर मेलेला लांडगा टाकून शाळेच्या ओट्यावर आला. चार मेंढ्या गेल्या होत्या बिचाऱ्याच्या. मेलेल्या मेंढीच्या मांसांत विष घालून त्यानें तो मारला होता. पोरांनीं गर्दी केली. वाण्याच्या तराजूंत आम्हींच तो घालविला. अठरा किलो भरला. "एवढाच?" म्हणून पोरें हिरमुसलीं, कारण आदल्या रात्रीं जो तो त्यास वासराएवढा सांगत होता. आम्हीं त्या धनगरास वर्गांत नेलें, मुलांस टाळ्या वाजवावयास लाविल्या, आणि क्षेत्ररक्षणाचें महत्त्व या विषयावर पंधरा मिनिटें बोललों. त्या धनगरास आम्ही आजही दोष देत नाहीं. त्याचें पोट त्या मेंढ्यांवर होतें. पण तें जनावर मादी होतें, आणि तिचे सड दुधानें भरलेले होते, हें तराजूंत घालतांना आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. ऋज्राश्वाची कथा तेव्हांही आम्हांस येत होती.

तिसऱ्या दिवशीं मुलांनीं ओढ्याकांठच्या बिळांतून तीन पिल्लें आणलीं.

हिंदुस्थानांतला हा लहानखोर लांडगा जगांतल्या लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकीं एक आहे, हें २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या बीजपरीक्षेनें दिसून आलें. आज देशांत त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास अंदाजिली जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास अभय आहे. परंतु पुणें-सोलापूरकडच्या ज्या माळरानावर तो राहतो त्यास लोक पडीक जमीन म्हणतात आणि जमेल तेवढी नांगरून किंवा बांधून टाकतात.

बंडू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पिल्लांना काय घातलंत?"

"गाईचें दूध. बोळ्यानें."

"प्यायलीं?"

"दोन प्यायलीं. चार दिवस."

चिरंजीव केव्हां येऊन दाराशीं उभे राहिले होते हें आम्हांस कळलें नव्हतें. ते कांहीं न बोलतां आंत गेले, स्टुलावर चढले, आणि कपाटावरचें खोकें काढून त्यांनीं मेजावर ठेविलें. बंडूनें झांकण उघडून लांडगा बाहेर घेतला, उलटा करून त्याचें पोट पाहिलें आणि विचारलें, "बाबा, हा नर आहे कां मादी?" चिरंजीवांनीं चष्मा लावला व तेही दिव्याखालीं पाहूं लागले.