आवळीखालची पंगत

दिवाळीच्या सुट्टीचे पहिले चार दिवस आपोआप सरतात. पुढे किल्ला ढासळू लागतो, फराळाच्या डब्यांचा तळ दिसतो, वडील मंडळी कामावर रुजू होतात, आणि मुले "आता काय करू?" असे विचारीत घरभर फिरतात. नेमक्या ह्याच दिवसांसाठी आपल्या पूर्वजांनी एक सुंदर चाल घालून ठेविली आहे. ती म्हणजे आवळीभोजन.

कार्तिक शुद्ध नवमीस आवळेनवमी म्हणतात. त्या दिवसापासून पौर्णिमेपर्यंत सोयीचा दिवस पाहून घरच्या मंडळींनी आप्तेष्टांसह आवळीखाली जावयाचे, झाडाची पूजा करावयाची व तेथेच पंगत मांडावयाची. २०२५ साली पाडवा २२ ऑक्टोबरास व कार्तिकी पौर्णिमा ५ नोव्हेंबरास आली, ह्यावरून हा काळ सुट्टीत कसा नेमका बसतो हे ध्यानी येईल. आवळी विष्णूस प्रिय, अशी श्रद्धा आहे. ज्या घरी ही पूजा नाही त्यांनीही पंगत चुकवू नये. आमच्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची मुले एका बाकावर बसतात. ती एका झाडाखाली का न बसावीत?

ऋतूही अनुकूल असतो. पाऊस सरलेला, ओढ्यांस पाणी, ऊन सोसवण्याजोगे. आवळ्यात 'क' जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी पटींनी अधिक असते. पण मुलांस ते सांगत बसू नये. त्यांस एक आवळा चावून खावयास द्यावा व वर घोटभर पाणी पाजावे. आधी तोंडे वाकडी होतील, मग पाणी गोड कसे झाले म्हणून दुसरा आवळा मागतील.

ही सहल मुलांस आधी न सांगता काढावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे. आदल्या रात्री सतरंजी, तांब्या, पत्रावळी गुपचूप बांधून ठेवाव्यात. एका मुलास मात्र गुपितात घ्यावे. हा मान बहुधा थोरल्यास मिळतो. आम्ही म्हणतो, मधल्यास द्यावा, कारण त्यास असे मान क्वचितच लाभतात. सकाळी "आवरा, बाहेर जावयाचे आहे" एवढेच सांगावे. दवाखान्यात जावयाचे आहे अशी थाप मारून मुलांस नेणारे पालक आम्ही पाहिले आहेत. तसे करू नये. निम्मा आनंद वाटेतच भीतीने करपतो. खरी मौज पुढेच असते. आत्याच्या किंवा मावशीच्या घरची मंडळी दुसऱ्या वाटेने आधीच येऊन झाडाखाली बसलेली असावीत. आते-मावस भावंडे अवचित दिसताच मुले जी धाव घेतात, तिच्यापुढे पक्वान्नांची काय मातब्बरी!

परंतु ह्या गुपिताचा भार कोणावर पडतो? एके वर्षी आमच्या घरी अशीच सहल ठरली. वीस माणसांच्या पुऱ्या तळण्यासाठी घरची गृहिणी पहाटे तीनला उठली. झाडाखाली तिने सर्वांस वाढले, सर्वांच्या मागून जेवली, आणि मुले खेळावयास बोलावू लागली तेव्हा खोडास टेकून गाढ झोपली होती. धाकटीने विचारले, "आईची सुट्टी केव्हा?" आम्हांपाशी उत्तर नव्हते.

तेव्हापासून आम्ही रीत बदलली. एका घरच्या दशम्या, दुसऱ्या घरची चटणी व पिठले, तिसऱ्या घरचा दहीभात. ओझी पुरुषांनी वाहावयाची व वाढावयाचेही त्यांनीच. पाणी व पत्रावळी मुलांकडे. गृहिणी पहिल्या पंगतीस बसतात. पूर्वी तीन दगडांची चूल मांडून तेथेच रांधीत. पण राखीव जंगलात विस्तव पेटविण्यास १९२७ च्या वन कायद्याने मनाई आहे, आणि गवतही वाळू लागलेले असते. तेव्हा चूल मांडावयाची तर ती आपल्या शेतातच. शहरात देवळाच्या आवारात वा एखाद्या बागेत आवळी आढळते; मात्र आधी परवानगी घ्यावी.

फांद्या ओरबाडू नयेत. खाली पडलेले आवळे वेचावेत. ते घरी चिरून, मीठ लावून उन्हात वाळविले की आवळकाठी होते. शाळा उघडल्यावर मधल्या सुट्टीत ती पुष्कळांच्या खिशांतून निघते, आणि गणिताच्या तासालाही निघते, असे शिक्षक सांगतात.