उच्छ्वासातील कर्बाम्ल वायू : दुसऱ्या पेल्याचे महत्त्व

चुन्याच्या निवळीत फुंकले म्हणजे ती दुधाळ होते, हा प्रयोग बहुतेक शिक्षक-बंधुभगिनींच्या परिचयाचा आहे. अठराव्या शतकात स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यांनी हीच कसोटी योजून उच्छ्वासात कर्बाम्ल वायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, असतो हे दाखविले. प्रस्तुत लेखकाच्या वर्गात मात्र एका मुलाने विचारले, "गुरुजी, नुसत्या हवेनेही पाणी पांढरे होत नसेल कशावरून?" त्या वेळी मी त्यास गप्प बसविले, ही माझी चूक. शंका रास्त होती, आणि तिचे उत्तर दुसऱ्या पेल्यात आहे.

निवळी आदल्या दिवशी करावी. खाण्याचा साधा चुना चमचाभर घेऊन तांब्याभर स्वच्छ पाण्यात ढवळावा, भांडे झाकून रात्रभर ठेवावे व वरचे नितळ पाणी अलगद ओतून बाटली गळ्यापर्यंत भरून बूच लावावे. (चुनकळी वर्गात विरवू नये, पाणी उकळून अंगावर उडते.)

दोन पेल्यांत सारखीच निवळी घ्यावी. एकात मुलाने बोरूच्या पोकळ नळीने सावकाश फुंकावे. दुसऱ्यात सायकलच्या पंपाने हवा सोडावी. नळीतून फुंकावयाचे, ओढावयाचे नाही, हे आधी दोनदा बजावावे. निवळी तोंडात वा डोळ्यांत जाता कामा नये. पपईच्या पानाचा देठ आयता पोकळ मिळतो खरा, पण त्याचा चीक तोंडास लागतो. प्रत्येक मुलास नळी वेगळी द्यावी.

थोड्याच वेळात पहिला पेला गढूळतो, दुसरा नितळ राहतो. बाहेरच्या हवेच्या १०,००० भागांत हा वायू सुमारे ४ भाग असतो, तर उच्छ्वासात सुमारे ४०० भाग. म्हणजे त्या मुलाची शंका अगदीच निराधार नव्हती! पंप फार वेळ मारला तर दुसरा पेलाही अखेर धुरकटेल. म्हणून दोहोंस वेळ सारखा द्यावा. उघड्या वाटीतील निवळीवर काही वेळाने पातळ साय धरते, तीही हवेतील ह्याच वायूची करणी.

पाण्यास पांढरे करणारे कण चुनखडीचे असतात. उत्साही मूल फुंकतच राहिले तर दुधाळ पाणी पुन्हा निवळू लागते आणि शिक्षक गोंधळतो. वायू अधिक झाला की चुनखडीचे विरघळणाऱ्या क्षारात रूपांतर होते, एवढेच त्याचे कारण. हे निवळलेले पाणी उकळल्यास पांढरेपणा परत येतो. शाळेत स्टोव्ह असल्यास तेही अवश्य दाखवावे.