विमा म्हणजे भिशी नव्हे

खडेबाजारात बाजारहाटाला आलेल्या शेतकरी बांधवांकडे आरोग्य विम्याचा विषय काढला, की एक उत्तर हमखास ऐकू येते. "गेल्या साली पैसे भरले, घरात कुणी आजारी पडले नाही. पैसे फुकट गेले. यंदा नको."

हा हिशेब आपण भिशीवरून करतो. भिशीत प्रत्येकाचा नंबर कधी तरी लागतोच. विम्यात मात्र आपला नंबर न लागणे हेच भाग्य! आपले पैसे त्या साली शेजाऱ्याच्या ऑपरेशनला लागतात, पुढे त्याचे आपल्याला. धडधाकट घरे बाहेर पडली, की मागे आजारी माणसेच उरतात. मग खर्च भागत नाही, वर्गणी वाढते आणि आणखी घरे गळतात.

आपल्या कर्नाटकातच हे घडले. सहकारी सोसायट्यांच्या सभासदांसाठी 2003 साली 'यशस्विनी' योजना सुरू झाली. वर्गणी माणशी दरमहा 5 रुपये, म्हणजे वर्षाला 60. पहिल्या वर्षी सुमारे 16 लाख लोक आले, दुसऱ्या वर्षी 20 लाखांच्या वर गेले. तिसऱ्या वर्षी मोठ्या माणसांची वर्गणी 120 झाली आणि सभासद 15 लाखांच्या आसपास उरले. पुढे 2018 साली ही योजना सरकारच्या दुसऱ्या योजनेत विलीन झाली. 2022 च्या अखेरीस ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा सर्वांना नव्याने नोंदणी करावी लागली.

दूर आफ्रिकेतील बुर्किना फासो देशातही असेच दिसले. तेथील नूना जिल्ह्यात 2004 साली गावकऱ्यांचा विमा सुरू झाला. पहिल्या काही वर्षांत दर साली सभासदांपैकी सुमारे तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक गळत गेले. ज्या घरांत आजारपण कमी होते आणि ज्यांना दवाखान्यातील सेवा बरी वाटली नाही, ती घरे अधिक गळाली.

तेव्हा सारा दोष शेतकऱ्याला देणे बरे नव्हे. 'यशस्विनी'चा मुख्य भर ऑपरेशनवर. ताप-खोकल्याच्या गोळ्यांना पैसे मिळत नाहीत, हे आधी कुणी समजावून सांगितले नाही तर माणसाला फसल्यासारखे वाटणारच. शिवाय वर्गणी मागायची वेळही पाहावी लागते. पेरणीच्या दिवसांत बी-खताला पैसे पुरत नाहीत, तेथे विम्याला कोठून आणायचे?

या बाबतीत वर्ध्याजवळील सेवाग्रामचे उदाहरण ध्यानात घेण्यासारखे आहे. तेथील कस्तुरबा रुग्णालयाने खेड्यांतून विम्याची वर्गणी ज्वारीच्या रूपाने घेतली, तीही सुगीत, घरात धान्य असताना. गावातील चारांपैकी तीन घरे आली तरच त्या गावाला योजना लागू होई. त्यामुळे आजारी आणि धडधाकट दोघेही एकत्र राहिले.

आपल्याला काय करता येईल? रताळी, तंबाखू किंवा उसाचे पैसे हाती आले, की विम्याची रक्कम त्याच दिवशी बाजूला काढावी. नोंदणीची मुदत सोसायटीत आधीच विचारून ठेवावी. कोणते उपचार बसतात, कोणते नाहीत आणि कोणत्या दवाखान्यात, हे पैसे भरण्यापूर्वी वाचून घ्यावे. वाचता येत नसल्यास शिकलेल्या मुलाकडून वाचवून घ्यावे. नव्या सुनेचे आणि बाळाचे नाव नोंदवले आहे ना, हेही पाहावे. सोसायटीच्या चालकांनीही वार्षिक सभेत कितीजणांनी पैसे भरले आणि कितीजणांवर उपचार झाले, हे मोठ्याने वाचून दाखवावे. पैसे कोठे गेले हे दिसले, की विश्वास बसतो.

ऐन वेळी ऑपरेशनसाठी बैलजोडी विकावी लागलेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ज्या साली विम्याचा उपयोग झाला नाही, त्या साली आपला गोठा शाबूत राहिला, एवढे ध्यानात ठेवू या.