द्रव्यविज्ञानातील संशोधनाची वाट

सातारा व सांगली जिल्ह्यांतील आपली अनेक मुले-मुली आज एम.एस्सी. होत आहेत. परंतु ‘पुढे काय?’ या प्रश्नाला बी.एड., बँक किंवा स्पर्धा परीक्षा एवढीच उत्तरे घरात ठाऊक असतात. संशोधन हीसुद्धा एक वाट आहे. विद्यार्थ्यांना व पालकांना तिची ओळख व्हावी, म्हणून द्रव्यविज्ञान अर्थात मटेरियल सायन्स या शाखेची माहिती आम्ही येथे देत आहोत.

हिरा आणि पेन्सिलीतील शिसे, दोन्हींत कार्बनच असतो. अणूंची मांडणी बदलली की गुण बदलतात. हा संबंध शोधून उपयोगी पदार्थ तयार करणे, हे या शास्त्राचे काम. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) पातळ थरांवर संशोधन होत आले आहे. त्यातील एक पद्धत अगदी साधी आहे. कॅडमियमचा क्षार, अमोनिया व थायोयुरिया यांच्या कोमट द्रावणात काचपट्टी उभी ठेवली की तिच्यावर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर बसतो. असे थर सौरघटात वापरतात. पुढे क्ष-किरणांनी त्याची रचना व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पृष्ठभाग तपासतात.

या वाटेला भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्रातून जाता येते. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयासारख्या ठिकाणी अभियांत्रिकी शिकणाऱ्यांना ‘गेट’ परीक्षेचा मार्ग आहे. पीएच.डी.साठी एम.एस्सी.ला ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जातींना ५ टक्के सवलत आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान मुदत तीन वर्षांची आहे. प्रत्यक्षात बहुधा जास्त वर्षे लागतात.

येथेच घराचा खरा कस लागतो. केवळ ‘नेट’ उत्तीर्ण झाल्याने पैसे मिळत नाहीत; त्यासाठी जे.आर.एफ. मिळवावी लागते. जानेवारी २०२३ पासून तिचा दर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व नंतर ४२,००० रुपये असा आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय फेलोशिप आणि पुण्याच्या ‘बार्टी’ची अधिछात्रवृत्तीही आहे. म्हणून एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच नेटचा अभ्यास सुरू करावा आणि जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र तयार ठेवावे. फेलोशिपची रक्कम उशिरा येऊ शकते, हे धरून थोडी तजवीज करावी. मार्गदर्शक निवडताना त्यांच्याकडे जागा आहे का, प्रयोगशाळेत कोणती उपकरणे आहेत, हे तेथील जुन्या विद्यार्थ्यांना विचारावे.

सभासद बंधू-भगिनींना एक विनंती. अशा मुलामुलींना परीक्षा शुल्क, पुस्तके, कोल्हापुरात राहण्याची सोय यांसाठी हातभार लावावा. आणि ते घरी आले की ‘नोकरी कधी?’ असे न विचारता ‘काम कुठवर आले?’ असे विचारावे.